पात्रता परत मिळवून देणारी सेवा: खेळ खेळाडूचा, अर्ज कॉलेजचा

अमेरिकेतील कॉलेज क्रीडास्पर्धांचा कारभार एनसीएए पाहते. नियमभंगामुळे अपात्र ठरलेल्या खेळाडूला पुन्हा मैदानात उतरू देण्याची जी व्यवस्था ही संघटना चालवते, तिचे परीक्षण करताना पहिला प्रश्न पडतो तो या सेवेचा ग्राहक कोण, हा. खेळाडूला स्वतः अर्ज करता येत नाही. त्याला आधी त्याच्याच कॉलेजने अपात्र जाहीर करायचे, मग सारी हकिकत जमवून त्याच कॉलेजने पात्रता परत मागायची; संघटनेच्या कर्मचाऱ्यांचा निर्णय मान्य नसेल, तर समितीकडे अपील करायचे तेही कॉलेजनेच.

शिक्षेचे दर जिथे लेखी आहेत, तिथे कामकाज स्वच्छ वाटते. आपल्या कॉलेजशी संबंध नसलेल्या सामन्यांवर पैसे लावण्याबाबत 2023 मध्ये ठरलेली पायरी पाहा: एकूण 200 डॉलरपर्यंत केवळ नियमांचे प्रशिक्षण, 500 पर्यंत हंगामाच्या दहा टक्के सामन्यांना मुकणे, 800 पर्यंत वीस टक्के आणि त्यापुढे तीस टक्के. एवढे स्पष्ट असले की वादाला फारशी जागा उरत नाही.

दर लेखी नसले की मात्र तारांबळ उडते. 2010 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू ए. जे. ग्रीन याने आपली जर्सी 1,000 डॉलरला विकली आणि तो चालू हंगामातच 4 सामने बाहेर बसला. त्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टेरेल प्रायरसह पाच फुटबॉलपटूंनी जर्सी, अंगठ्या आणि बक्षिसे विकल्याचे उघड झाले. त्यांना 5 सामन्यांची शिक्षा झाली खरी, पण ती पुढच्या हंगामात. नियमांची पुरेशी माहिती मिळाली नव्हती, या कारणास्तव जानेवारी 2011 चा शुगर बोल, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, त्यांना खेळू दिला गेला. एवढ्या मोठ्या सामन्याच्या तोंडावर मिळालेली ही सवलत कोणाच्या सोयीची होती, हे वाचकांनीच ठरवावे. (1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते, त्यामुळे स्वाक्षऱ्या विकून अपात्र ठरण्याचे दिवस सरले.)

सर्वांत खटकते ते मेम्फिस विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू जेम्स वाइझमन याचे प्रकरण. मेम्फिसचा प्रशिक्षक होण्याआधी पेनी हार्डवेने 2017 मध्ये वाइझमनच्या कुटुंबाला घर हलवण्यासाठी 11,500 डॉलर दिले होते आणि वाइझमनला त्याची कल्पना नव्हती, असे विद्यापीठाचेच म्हणणे होते. तरी 2019 मध्ये निर्णय आला तो असा: 12 सामने बाहेर बसायचे आणि तेवढीच रक्कम एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यायची. व्यवहार मोठ्यांचा आणि भरपाई मुलाची, हा हिशेब पूर्वनिर्णयांशी जुळतही असेल. पण खेळाडूची जबाबदारी किती, हा निकष याच सेवेने स्वतःला घालून घेतलेला आहे आणि तो इथे कसा लागला, हे पटत नाही. शिक्षा पुरी होण्याआधी, त्याच डिसेंबरमध्ये, वाइझमनने संघ सोडला आणि व्यावसायिक बास्केटबॉलची तयारी सुरू केली.