इंग्लंडच्या खेड्यातलं दुकान, एका किराणावालीच्या नजरेतून

औशात आमचं किराणा दुकान आहे. मालक गेल्यापासून अकरा वर्षं गल्ल्यावर मीच बसते. त्यामुळं कुठल्याही दुकानात शिरले की माझी नजर आधी रॅककडं जाते, मग काट्याकडं आणि मग गल्ल्यावरच्या माणसाकडं. लेक इंग्लंडात हेरफर्डशायरमध्ये नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ मी तिच्याकडं होते. शंभर-सव्वाशे घरांचं खेडं आणि त्यात एकच दुकान. नाव देत नाही, एवढ्याशा गावात नाव दिलं की माणसं लगेच ओळखू येतील.

हे दुकान कुणा एकाचं नाही, गावाचं आहे. आधीचं दुकान बंद पडलं तेव्हा लोकांनी दहा-दहा पौंडांचे शेअर घेऊन ते परत उभं केलं. शेअर कितीही घ्या, माणसाला मत एकच. गल्ल्यावर गावातलीच माणसं पाळीपाळीनं बसतात आणि एक पैसा पगार घेत नाहीत. पगारी माणूस एकच, माल मागवणारी बाई. जावई म्हणाले, सहकारी दुकानाची ही रीत याच देशात रुजली. १८४४ साली रॉचडेलमध्ये २८ विणकर-कामकऱ्यांनी पौंड-पौंड काढून दुकान टाकलं. माल काय, तर पीठ, साखर, लोणी, ओटचा भरडा आणि मेणबत्त्या. ऐकून मला भरून आलं. माझ्या सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा त्यातही मीठ, गूळ, चहापत्ती, गोडेतेल आणि काड्यापेट्याच होत्या.

आता मालाचं सांगते. दूध चांगलं. चार पिंटांचा कॅन, म्हणजे २.२७ लिटर. निळ्या झाकणाचं सायीचं, हिरव्याचं अर्धं साय काढलेलं, लाल झाकणाचं म्हणजे नुसतं पाणचट. चहाला निळंच घ्या. अंडी गावातलीच. गाजरं मातीसकट येतात, पण गोड. पाव रोज सकाळी ताजा. शहरातल्या मोठ्या दुकानापेक्षा दूध तीस-चाळीस पेन्स महाग पडतं. ते मला खटकलं नाही. लातूरच्या मोंढ्यातून ट्रकभर उचलणाऱ्याचा भाव मला तरी कुठं मिळतो?

खटकलं ते वेगळंच. नवा माल पुढं लावतात आणि जुना मागं दबतो. बिस्किटांच्या थप्पीत मागचे तीन पुडे तारीख उलटलेले निघाले. मी काढून गल्ल्यावर ठेवले, तर बाईंनी दोन्ही हातांनी माझा हात धरून थँक्यू म्हटलं. कांदा बारीक, तोही जाळीत बांधलेला. सुट्टा माल जवळपास नाहीच. दूध अकराच्या आत संपतं आणि शनिवारी दुपारी एकला दुकान बंद होतं. उधारीची वही नाही. महिनाअखेरीला हात आखडलेल्या माणसानं काय करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

रविवारी मात्र दुकान तुडुंब. तिथला कायदा असा की २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला रविवारी सहाच तास धंदा करता येतो, लहानाला ती अट नाही. लहान दुकानदाराला कायद्यानं दिलेली एवढी एक सवड फार मोलाची आहे. शिवाय कोपऱ्यात पोस्टाची खिडकी आहे. गावात बँक नाही, म्हातारी माणसं तिथूनच आपल्या खात्यातले पैसे काढतात. बस आठवड्यातून दोनच दिवस. मी गेले तेव्हा तिकीट जास्तीत जास्त दोन पौंड होतं, १ जानेवारीपासून तीन झालं. गाडी चालवता येत नसेल त्याला हे दुकान म्हणजेच अर्धं गाव.

आमच्या घरून दुकानाला जायला शेतातून पायवाट होती. शेत दुसऱ्याचं, पण वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा. शेतकऱ्याला ती अडवता येत नाही, आपण फाटक लावून घ्यायचं एवढंच. आपल्याकडं पांदणीवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. ते आठवून त्या फाटकाशी मी कितीदा तरी थांबले असेन.

नोव्हेंबरातली एक सकाळ सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. गल्ल्याशेजारी पेपरांचा गठ्ठा असतो. ज्यांचा पेपर ठरलेला, त्यांचं नाव वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितात. साडेदहा वाजले तरी एक पेपर तसाच पडून होता. गल्ल्यावरच्या बाई सारख्या त्याच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी ॲप्रन काढला, मला खुणेनं गल्ल्यामागं उभं केलं आणि पेपर घेऊन तरातरा निघाल्या. माझं इंग्रजी दहा-बारा शब्दांचं. तेवढ्यात एक गृहस्थ पाव घ्यायला आले. त्यांनी पावावरचा भाव मला दाखवला, एकेक नाणं लाकडी फळीवर मांडलं आणि मी मान हलवेपर्यंत थांबले. मी ते पैसे गल्ल्यात न टाकता फळीवरच वाटीखाली झाकून ठेवले. हिशेब बाईंनी बघावा म्हणून.

वीस मिनिटांनी बाई परतल्या. ज्यांचा तो पेपर, ते आजोबा न्हाणीघरात घसरले होते, उठता येत नव्हतं. रुग्णवाहिका बोलावली होती, शेजारीण जवळ बसली होती. बाईंनी हे सांगितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषा पुरती कळली नाही, तरी मला सगळं कळलं. माझ्या दुकानात रोज तंबाखूची पुडी नेणारे एक मामा दोन दिवस फिरकले नाहीत, तर मीही पोराला त्यांच्या घरी पाठवते. आजोबा जानेवारीत काठी टेकत पेपरला आले. त्या दिवशी दुकानात चहा फुकट होता.

डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, रस्त्याला दिवे नाहीत, पाऊस थांबत नाही. २०१६ साली रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं बघितलेल्या माणसाला इतकं पाणी बघवत नाही. अखेरीला येळवस आली, म्हणजे शेतात जाऊन पूजा करायची आमच्याकडची वेळ अमावास्या. शेत नाही, कडब्याची कोप नाही, पूजेचे पांडव मांडायला जागा नाही. दुकानातनं गाजर, पालेभाजी आणि गोठवलेले मटार आणले, घरातलं बेसन लावलं, भज्जी म्हणजे येळवशीची मिसळभाजी केली. ओल्या तुरीविना ती भज्जी अधुरीच, पण डबा भरून दुकानात नेला. पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी दोनदा घेतली.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो तारखा न बघण्याचा. तेवढं सुधारलं तर पूर्ण पाच. लेक सांगते, आता निळ्या झाकणाचे सहा कॅन जास्त मागवतात.

कुणी लेकीकडं अशा खेड्यात जाणार असाल तर दूध अकराच्या आत आणा. ज्वारीचं पीठ आणि बेसन बर्मिंगहॅमच्या देशी दुकानांत मिळतं, एकदाच भरून ठेवा. भाकरीचा लोखंडी तवा मात्र इथूनच न्या.