अल्गाँक्विन की सुपीरियर: ट्रेलर कुठे न्यायचा?

टोरांटोच्या आसपास राहून पहिल्यांदाच गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून रानातल्या तळ्याकाठी राहायला निघालात, तर ओंटारिओची ही दोन प्रांतिक उद्यानं हमखास समोर येतात. फोटो बघून ठरवू नका, फोटो दोन्हीकडचे देखणेच येतात. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो, आणि माझ्या मते विचारायचं ते एवढंच: रान ट्रेलरच्या दारापर्यंत येतं, की ट्रेलर मागे ठेवून आपल्याला रानात शिरावं लागतं?

अल्गाँक्विनमध्ये शिरावं लागतं. 1893 सालचं हे उद्यान साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, तळी 2,400 च्या वर. पण बहुतेक ट्रेलर राहतात ते हायवे 60 च्या कडेला, उद्यानातून जाणाऱ्या 56 किलोमीटरच्या पट्ट्यात. टू रिव्हर्स, म्यू लेक, पॉग लेक या कॅम्पग्राउंडवर वीजजोडणी असलेल्या जागा मिळतात, लहान मुलांना डुंबायला उथळ काठ मिळतो, आणि जुलैच्या शनिवारी शेजारच्यांच्या गप्पाही ऐकू येतात. खरं अल्गाँक्विन सुरू होतं ते कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, पाण्यात लोटल्यावर. कनू लेक किंवा ओपिओंगोला ती भाड्याने मिळते. दोन तास वल्हवलं की माणसांचा आवाज थांबतो आणि लूनची हाक ऐकू येते, तोच तो कॅनडाच्या डॉलरवरचा पक्षी. तेव्हा घरातल्या दोघांना तरी वल्हवायची हौस असेल, तरच अल्गाँक्विन पुरेपूर मिळतं. मूस (धिप्पाड हरीण) मात्र रस्त्यावरूनही दिसतो. मे-जूनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा अंश उतरलेलं पाणी प्यायला तो कडेच्या चरांशी येतो.

लेक सुपीरियर उद्यानात उलटं आहे. अगावा बे कॅम्पग्राउंडमधली किनाऱ्यालगतची जागा मिळाली, तर दार उघडल्यावर समोर वाळू-गोटे, आणि पलीकडचा काठ न दिसणारं पाणी. 82,000 चौरस किलोमीटरचं हे तळं कोकणच्या माणसाला समुद्रच वाटेल, फक्त खाऱ्या वाऱ्याचा वास नाही. गुडघेदुखीमुळे कनूत बसू न शकणाऱ्या आईने तिथे चार संध्याकाळी दारातल्या खुर्चीवर काढल्या आणि तिला काही कमी पडलं नाही. माझं मत तिथेच सुपीरियरकडे झुकलं. जवळच अगावाच्या कड्यावर अनिशिनाबे या इथल्या मूळ रहिवाशांनी लाल गेरूने काढलेली चित्रं आहेत, त्यांत मिशिपेशू हा शिंगं असलेला पाण्यातला वाघ. पाण्यालगतच्या उतरत्या खडकावरून जावं लागतं, म्हणून तळं शांत असेल त्याच दिवशी जा.

या दाराची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. अल्गाँक्विनचं पश्चिम दार टोरांटोहून साधारण तीन तासांवर, ट्रेलर असला तर चार धरा. अगावा बे मात्र आठशेहून अधिक किलोमीटर. एका दिवसात रेटू नका. सडबरीच्या पुढे मॅसी गावात शूट्स नावाचं छोटं उद्यान आहे, धबधब्याजवळ रात्र काढून पुढे निघा. पेट्रोल वाटेतल्या सू सेंट मरी शहरात भरून घ्या, कारण ट्रेलर ओढताना खप जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. मॉन्ट्रियल रिव्हरजवळचा चढ-उतार तीव्र आहे. उतारावर ब्रेकवर पाय दाबून न ठेवता गिअर खाली घ्या. ओंटारिओचं जी लायसन्स (गाडी चालवायचा नेहमीचा परवाना) 4,600 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू देतं, पण तुमची गाडी किती ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत बघा. पाण्याची टाकी उद्यानात पोहोचल्यावरच भरा, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो.

सुपीरियरच्या आणखी दोन अडचणी. हायवे 17 कॅम्पग्राउंडला लागूनच जातो, रात्री ट्रक ऐकू येतात. आणि पाणी ऑगस्टमध्येही झोंबतं, वारा उठला की ऑनिंग (दारावरचं कापडी छत) लगेच गुंडाळावं लागतं. भारतातून आलेल्या आई-बाबांपैकी कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर मी अल्गाँक्विनच सांगेन. हंट्सव्हिलचं इस्पितळ त्यामानाने जवळ आहे, अगावाहून इस्पितळासाठी वावा गाव गाठायला तासभर मोडतो.

दोन्हीकडे जागेवर फार तर वीज मिळते, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी नाही. ती कामं डंप स्टेशनवर, म्हणून आंघोळ बादलीने केलेलीच बरी. काळी अस्वलं दोन्हीकडे आहेत. पिठल्याची कढई रात्री बाहेर राहता कामा नये, खरकटंही आत.

तीन-चार रात्री हातात असतील तर अल्गाँक्विन. आठवडा मोकळा असेल तर सुपीरियर, आणि तोही सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मे-जूनच्या चावऱ्या काळ्या माश्या तेव्हा नसतात आणि शाळा उघडल्याने गर्दी ओसरते. बुकिंग पाच महिने आधी सकाळी सातला उघडतं. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, किनाऱ्यालगतच्या जागांचे नंबर नकाशावरून आधीच लिहून ठेवून, सातच्या ठोक्याला बसा.