‘परीक्षा पे चर्चा’ शाळेत दाखवावी का, आणि दाखवायची तर कशी?

‘परीक्षा पे चर्चा’ म्हणजे पंतप्रधान नरेंद्र मोदी दरवर्षी परीक्षेच्या ताणाबद्दल विद्यार्थ्यांशी बोलतात तो थेट प्रक्षेपित होणारा कार्यक्रम. ही चर्चा चांगली की वाईट, हे बहुतेक लोक पंतप्रधान आवडतात की नाही यावरून ठरवतात. समाजमाध्यमांवर दरवर्षी तीच जुंपते. शाळेने मात्र ती इतर कुठल्याही शैक्षणिक साहित्यासारखी पारखून घ्यावी. कोणत्या इयत्तेला, कोणत्या दिवशी आणि किती वेळ दाखवली तर मुलांच्या हाती काही लागेल, एवढेच बघावे. त्या कसोटीवर आशय बऱ्यापैकी उतरतो. तारीख मात्र अनेकदा चुकलेली असते, आणि सक्ती आली की होता तो उपयोगही जातो.

आधी तारखेचे बघू. पहिला कार्यक्रम १६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर झाला आणि महाराष्ट्रात बारावीची परीक्षा २१ तारखेला सुरू झाली. २०२२ चा कार्यक्रम १ एप्रिलला झाला, तेव्हा राज्य मंडळाची दहावीची परीक्षा चालूच होती. ती ४ एप्रिलला संपली. २०२५ मध्ये तर कमाल झाली. प्रक्षेपण १० फेब्रुवारीला सकाळी ११ वाजता आणि बारावीचा इंग्रजीचा पेपर दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी बारावीच्या मुलाला सभागृहात बसवणे म्हणजे उजळणीचा शेवटचा दिवस त्याच्याकडून काढून घेणे. २०२३ (२७ जानेवारी) आणि २०२४ (२९ जानेवारी) ही वर्षे त्या मानाने बरी होती, बारावीला तीन आठवडे तरी शिल्लक होते.

म्हणून दहावी-बारावीला थेट प्रक्षेपण दाखवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आठवी, नववी आणि अकरावी हे खरे प्रेक्षक. त्यांच्यापुढे अजून वेळ असतो, सवयी बदलता येतात. दहावी-बारावीच्या वर्गांना मागच्या वर्षीचे ध्वनिचित्रमुद्रण सहामाही परीक्षेचे पेपर हातात मिळाल्यावर दाखवावे. ते यूट्यूबवर विनामूल्य असते. अभ्यास कुठे कमी पडला हे तेव्हा मुलांना ताजे ठाऊक असते, त्यामुळे तोच सल्ला ती जास्त लक्ष देऊन ऐकतात.

सक्तीचा प्रश्न या कार्यक्रमाहून जुना आहे. ५ सप्टेंबर २०१४ ला शिक्षकदिनी पंतप्रधान दिल्लीच्या माणेकशा सभागृहातून देशभरातल्या मुलांशी बोलले. वेळ दुपारी तीनची. सकाळ सत्राच्या शाळांनी मुलांना परत कसे बोलवायचे, टीव्ही नाही तिथे काय करायचे, वीज गेली तर काय, असे प्रश्न, शाळांनी भाषण दाखवावे हे परिपत्रक येताच उभे राहिले. पश्चिम बंगाल सरकारने विरोध केला. हा कार्यक्रम ऐच्छिक आहे, असे तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री स्मृती इराणी यांना जाहीर करावे लागले. भाषणात मुलींच्या शौचालयांचा मुद्दा होता, खेळाचा होता, वाचनाचा होता. पण त्याआधीचे आठ-दहा दिवस चर्चा झाली ती परिपत्रकाचीच.

अमेरिकेतही असेच झाले होते. ८ सप्टेंबर २००९ ला बराक ओबामा व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन इथल्या एका हायस्कुलातून मुलांशी बोलले. भाषणाआधी शिक्षण खात्याने शाळांना वर्गात घ्यायचे उपक्रम सुचवले होते. त्यात राष्ट्राध्यक्षांना मदत म्हणून आपण काय करू शकतो, यावर मुलांनी स्वतःला पत्र लिहावे असा एक उपक्रम होता. पालक खवळले. खात्याने तो मजकूर बदलला, मुलांनी स्वतःच्या शैक्षणिक उद्दिष्टांबद्दल लिहावे असे केले, आणि व्हाइट हाऊसने संपूर्ण भाषण आदल्या दिवशीच संकेतस्थळावर टाकले. भाषण जेमतेम अठरा मिनिटांचे. अभ्यास करा, शाळा सोडू नका, एवढाच त्याचा गाभा. आदल्या दिवशी मजकूर हाती आल्यावर पुष्कळ पालकांचा आक्षेप मावळला. आपल्याकडे प्रश्नोत्तरांमुळे आधी मजकूर देणे जमणार नाही, हे मान्य. पण निवडलेल्या प्रश्नांची यादी आणि कार्यक्रमाचा कालावधी दोन दिवस आधी शाळांना देता येईल. ती सोय व्हायला हवी.

आता नोंदणी. मायगव्ह या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर सहावी ते बारावीचे विद्यार्थी, शिक्षक आणि पालक भाग घेऊ शकतात. बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे, हवे असेल तर पंतप्रधानांसाठी ५०० अक्षरांपर्यंतचा प्रश्न लिहायचा, आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. ज्यांच्याकडे मोबाइल किंवा ई-मेल नाही त्यांच्यासाठी शिक्षकाच्या लॉगिनमधून भाग घेण्याची सोय आहे, आणि घोळ होतो तो इथेच. वरून रोज आकडे मागितले जाऊ लागले की एकच शिक्षक मधल्या सुट्टीत चाळीस मुलांचे पर्याय स्वतः टिचकावतो. मुलाला प्रमाणपत्र मिळते, पण प्रश्न काय होता ते त्याला माहीतही नसते. २०२५ मध्ये महिनाभरात ३.५३ कोटी नोंदण्या झाल्या आणि गिनीज विश्वविक्रम झाला. त्यातल्या किती मुलांनी स्वतः प्रश्न लिहिला, हे त्या आकड्यातून कळत नाही. शाळेने निदान एवढे करावे: प्रश्न मुलांकडून आधी वहीत मराठीत लिहून घ्यावेत. त्यातले दिल्लीला एकही निवडले गेले नाहीत, तरी वर्गशिक्षकाला त्यांची उत्तरे देता येतात.

प्रत्यक्ष दाखवताना चित्रापेक्षा आवाज दगा देतो. पत्र्याच्या छताच्या सभागृहात टीव्हीचा स्वतःचा स्पीकर पाचव्या रांगेपलीकडे पोचत नाही, आणि ऐकू आले नाही की मुले आपापसात बोलू लागतात. वायरने जोडलेला मोठा स्पीकर घ्यावा, तो मुलांच्या मधोमध ठेवावा आणि आवाज आदल्या दिवशी मुलांना बसवूनच तपासावा. रिकाम्या खोलीत सगळेच छान ऐकू येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर थेट प्रक्षेपण नेमके मधे अडकते. दूरदर्शन दिसत असेल तर तेच पहिले, यूट्यूब दुसरे. मुले जमिनीवर असतील तर चाळीस मिनिटांनंतर त्यांना उठवून पाय मोकळे करू द्यावेत. बसवताना कोण कुठे, हेही मुख्याध्यापकांनी जातीने पाहावे. २०१८ च्या पहिल्याच प्रक्षेपणावेळी हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात दलित मुलांना वेगळे बसवल्याची गंभीर तक्रार झाली होती.

आशयाबद्दल बोलायचे तर साधी, रोजची उदाहरणे सर्वांत चांगली पोचतात. २०१९ मध्ये एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाबद्दल विचारले तेव्हा पंतप्रधानांनी ‘पबजीवाला है क्या?’ असे विचारले आणि सभागृह हसले. त्या हशामुळे मुलांच्या मनातला अपराधीपणा थोडा सैलावतो, आणि पुढचे बोलणे ती ऐकतात. २०२५ मधले फलंदाजाचे उदाहरणही पटकन कळते: मैदानात कितीही आरडाओरडा असो, त्याची नजर चेंडूवर. उलट २०२० मधला २००१ च्या कोलकाता कसोटीचा दाखला आज आठवीतल्या मुलाला काहीच सांगत नाही. त्याच्या जन्माआधीचा सामना आहे तो. शिक्षकाने आधी दोन वाक्यांत लक्ष्मण-द्रविडची भागीदारी सांगितली तरच तो भाग दाखवावा.

२०२५ पासून वेगवेगळ्या विषयांचे स्वतंत्र भाग आले. ऋजुता दिवेकर आणि इतरांचा आहारावरचा, दीपिका पदुकोणचा मानसिक आरोग्यावरचा, मेरी कोम आणि अवनी लेखरा यांचा खेळावरचा. शाळेसाठी ही सर्वांत उपयोगी सुधारणा. एका तासिकेत एक विषय बसतो आणि चर्चेला वेळ उरतो.

अडचण आहे ती हिंदीची. सहावी-सातवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ‘तनाव’, ‘एकाग्रता’ समजते, पण लांब वाक्यात धागा सुटतो. दर दहा मिनिटांनी थांबवून मराठीत दोन वाक्ये सांगावीत, म्हणजे पुन्हा मुद्रणच सोयीचे. आणि ज्या प्रश्नांची उत्तरे मुलांच्या हातात नाहीत, जसे रिक्त शिक्षकपदे किंवा पेपरफुटी, त्यांना या मंचावर फारशी जागा मिळत नाही. ही टीका योग्य आहे आणि शिक्षकांनी ती मुलांपुढे मोकळेपणाने मान्य करावी.

एक भाग मात्र मुलांना दाखवण्याऐवजी पालकसभेत लावावा. मुलाच्या प्रगतिपुस्तकाला आपले व्हिजिटिंग कार्ड करू नका, असे २०२४ मध्ये पंतप्रधान पालकांना म्हणाले. तेवढाच तुकडा कापून ठेवावा आणि पहिल्या सत्राचे गुणपत्रक वाटण्याआधी लावावा, वाटल्यानंतर नको.