कलिंगड: अख्खं घेण्यातच फायदा

कापून डब्यात भरलेलं कलिंगड सोयीचं असलं, तरी पहिली पसंती अख्ख्या फळालाच. घरी आणल्यावर ते लगेच फ्रीजमध्ये ठेवू नका. न कापलेलं फळ 20 अंशांच्या आसपास ठेवलं, तर गराला लाल करणारं लायकोपिन तोडणीनंतरही वाढतं. 10 अंशांखाली बरेच दिवस राहिलं की सालीवर खड्डे पडतात, रंग उतरतो. गोडी मात्र वेलावर येते तेवढीच.

म्हणून निवडतानाच डोळे उघडे ठेवा. जमिनीला टेकलेली बाजू लोण्यासारखी पिवळट हवी. ती पांढरी असेल तर फळ बहुधा लवकर तोडलेलं. सारख्या आकाराच्या दोनांतलं जड उचला. वाजवून पाहणं सराव नसेल तर भरवशाचं नाही. गराच्या मधोमध फट दिसली तर घाबरू नका, परागीभवन कमी पडल्यावर ती पडते. आंबूस वास किंवा फेस आला, तर मात्र फळ टाकून द्या.

100 ग्रॅम गरात सुमारे 91 ग्रॅम पाणी, 6 ग्रॅम साखर आणि फक्त 30 कॅलरी. लायकोपिन साधारण साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे कच्च्या टोमॅटोपेक्षा जास्त. पिवळ्या गराचं फळ गोड असलं तरी तिथे हे जवळपास नसतंच.

मूळ आफ्रिकेतलं. सुदानच्या कोर्दोफान भागातलं पांढऱ्या गराचं, कडू नसलेलं फळ याचं सर्वांत जवळचं नातलग असल्याचं 2021च्या जनुकीय अभ्यासात दिसलं.

रसासाठी बिनबियांचं उत्तम, कारण मिक्सरमध्ये बिया भरडल्या की रस तुरट होतो. बिनबियांच्या फळात दिसणारी बियांची मऊ पांढरी टरफलं खुशाल खा. रस उकळू नका, ताजा स्वाद जातो. सॅलडमध्ये मीठ वाढतानाच घाला, नाहीतर फोडींना पाणी सुटतं. सोबत थोडं चीज किंवा तेल असावं, लायकोपिन अंगी लागायला स्निग्धता लागते.

आणि साल फेकू नका, तिचं लोणचं घाला! हिरवा पापुद्रा सोलून 500 ग्रॅम पांढऱ्या भागाच्या 2 सेंटिमीटरच्या फोडी करा. त्या आधी मिठाच्या पाण्यात 5 ते 8 मिनिटं उकळाव्या लागतात. ही पायरी गाळली तर चिवट राहतात. निथळून 250 मिली व्हिनेगर, 250 मिली पाणी, 150 ग्रॅम साखर आणि 2 चमचे मिठाच्या उकळत्या मिश्रणात टाका, काचेसारख्या दिसू लागल्या की उतरवा. हे लोणचं फ्रीजमध्येच ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून खायचं.