‘सैराट’ की रामजोशी, आणि चौकट कोणती? प्रकल्पाचा विषय ठरवणाऱ्यांसाठी

एम.ए. मराठीच्या संशोधन प्रकल्पाची वेळ आली की सोलापुरात दोन विषय हमखास पुढे येतात. एक ‘सैराट’, दुसरा शाहीर रामजोशी. दोन्ही घरचेच. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे आणि रामजोशी तर खुद्द सोलापूर शहरचे. विषय पटकन सुचतो. मग मार्गदर्शक विचारतात, ‘सैद्धान्तिक चौकट कोणती?’ आणि गाडी अडते. स्त्रीवादी, मार्क्सवादी, आंबेडकरी ही तीन नावं सगळ्यांना पाठ असतात. त्यांतली कुठली घेतली तर साठ-सत्तर पानांत नेमकं काय हाती लागेल, एवढंच इथं पाहू.

आधी ‘सैराट’ (२०१६), पाटलाची अर्ची आणि खालच्या मानलेल्या जातीतला परशा यांच्या प्रेमाची आणि शेवटी अर्चीच्या घरच्यांनी केलेल्या खुनाची गोष्ट. स्त्रीवादी चौकट म्हटलं की ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हींचा १९७५ चा निबंध आलाच. निबंध जेमतेम डझनभर पानांचा, पण दाट. सार असं, की रूढ हॉलिवूडपटात पाहणारा पुरुष असतो आणि पाहिली जाणारी बाई. कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यानं बघतो आणि प्रेक्षकालाही तिथंच बसवतो. हे घेऊन तुम्ही विहिरीच्या प्रसंगापाशी गेलात तर पहिली पाच मिनिटं मजा येते. परशा अर्चीला बघायला धावत सुटलाय, थेट विहिरीत उडी. पण पाण्यात अर्चीच त्याला दरडावते आणि गडी निमूट बाहेर पडतो. पुढं वर्गात ती त्याच्याकडे टक लावून बघते आणि नजर चोरायची पाळी त्याच्यावर येते. ‘आताच बया का बावरलं’ हे गाणं तर सरळ तिच्याच तोंडी आहे, ओढ बोलून दाखवणारी तीच. म्हणजे मल्व्हींचं सूत्र इथं उलटं पडतं. ते का उलटं पडतं, याचं उत्तर मात्र त्या निबंधात सापडत नाही. अर्ची अशी बघू शकते कारण ती पाटलाची पोर आहे. बुलेट, ट्रॅक्टर, तो आवाज, सगळं त्या वाड्यातून आलंय.

मार्क्सवादी चौकट उत्तरार्धात कामाला येते. हैदराबादची झोपडपट्टी, अर्चीची कारखान्यातली नोकरी, परशाची डोशाची गाडी. गाणी सगळी पूर्वार्धात संपलेली असतात आणि इथं उरतो तो रोजचा हिशेब. जमीनदाराच्या घरातून मजुरीवर आलेली मुलगी, हा वर्गबदल दिग्दर्शकानं फार बारकाईनं दाखवलाय आणि त्यावर एक चांगलं प्रकरण नक्की उभं राहतं. अडचण शेवटाची. जोडपं दूर परराज्यात स्वतःच्या कमाईवर जगतंय, वाड्याच्या मालमत्तेवर हक्क सांगायला कुणी आलेलं नाही. तरी माणसं मारायला येतात. निव्वळ वर्गाच्या भाषेत हे सांगायला गेलात तर ओढाताण होते, आणि परीक्षकाला ती लगेच दिसते.

आता तिसरी. आंबेडकरी चौकट म्हटली की बहुतेकजण शरणकुमार लिंबाळेंच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’पासून सुरुवात करतात. लिंबाळेही आपल्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातले. पुस्तक मराठीतच असल्यानं अनुवादाची कटकट नाही. पण माझं मत विचाराल तर आधी बाबासाहेबांचा १९१६ चा कोलंबिया विद्यापीठातला जातिसंस्थेवरचा निबंध वाचा. जातीचा कणा म्हणजे जातीअंतर्गत विवाह, आणि तो टिकवायचा तर बाईवर ताबा ठेवावा लागतो, हा त्यातला युक्तिवाद. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा त्यांनी तिथूनच केला. म्हणजे जात आणि स्त्रीप्रश्न एकाच धाग्यात. ‘सैराट’चा शेवट या चौकटीत ओढाताण न करता बसतो. अर्चीचे माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन येतात, आणि त्यानंतर पडद्यावरचा आवाजच गेलेला असतो.

धोका याच चौकटीत जास्त आहे, कारण निष्कर्ष आधीच माहीत असतो. जातीमुळे खून झाला, हे सांगायला प्रकल्प कशाला हवा? ते थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला कळलेलं असतं. इथं लिंबाळे कामाला येतात, तेही अडवणूक करायला. दलित साहित्य आनंदाच्या निकषावर मोजू नका, स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता या मूल्यांवर मोजा, असं ते म्हणतात. आणि हा चित्रपट तर आनंद ओतून ओतून देतो. ‘झिंगाट’वर लोक थिएटरात नाचले. अजून प्रत्येक वरातीत नाचतात, त्यात जातीबाहेर पोरगी द्यायला तयार नसलेलेही असतात. (डीजेवाल्याला विचारून बघा, हे गाणं वाजवल्याशिवाय त्याची सुटका होते का.) मग हा आनंद शेवटच्या शांततेची तयारी करतो, की ती विसरायला मदत करतो? प्रकल्पाला खरा प्रश्न इथं मिळतो.

रामजोशींचं गणित वेगळं. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही लावणी समोर ठेवा. नखशिखान्त वर्णन, पाहणारा पुरुष, म्हणजे मल्व्ही आयत्याच लागू पडल्या असं वाटतं. पण त्यांची मांडणी अंधारात बसलेल्या प्रेक्षकाची आणि कॅमेऱ्याची आहे. फडात नाचणारी प्रेक्षकाच्या डोळ्यात डोळे घालून गाते, त्याची फिरकी घेते, दौलतजादा (खूश होऊन दिलेले पैसे) घेते. लिहिणारा ब्राह्मण शाहीर आणि नाचणाऱ्या बहुतेक कोल्हाटी, महार, मांग समाजांतल्या बायका, हा भेद मल्व्हींच्या चौकटीत कुठंच नाही. इथं समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा १९९५ चा लावणी कलावंतिणींवरचा लेख हवाच. तो इंग्रजीत आहे, वाचायला जड जातो, पण त्याला पर्याय नाही. मार्क्सवादी चौकट लावणीला घेऊच नका. ती सोलापूरच्या गिरणगावासाठी राखून ठेवा. जुन्या मिलच्या, यंत्रमागाच्या कामगारांची तेलुगू-मराठी गाणी गोळा करणार असाल तर तिच्यासारखी दुसरी नाही.

तेव्हा निवड अशी करा. हातात एकच सत्र असेल आणि इंग्रजी वाचनाचा कंटाळा असेल तर ‘सैराट’ घ्या, १९१६ चा निबंध आणि लिंबाळे, आणि प्रश्न आनंदाचा. वर्षभर असेल, हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून जुनी पुस्तकं चाळायची तयारी असेल तर रामजोशी आणि रेगे. मल्व्हींवाचून करमतच नसेल तर त्यांच्यासाठीही जागा आहे. १९४७ साली रामजोशींवर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला. फडातली नाचणारी तिथं कॅमेऱ्यासमोर येते आणि दौलतजादा करणारा प्रेक्षक पडद्यापलीकडं जातो. लावणीची संहिता आणि हा चित्रपट, एवढं दोनच घेऊन बसलात तरी पानं कमी पडतील. फक्त तिन्ही चौकटी प्रत्येकी एका प्रकरणात कोंबू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो: ‘यातली तुमची कोणती?’