कॅमेरा आधी की चालकाची झोप? आठ-दहा गाड्यांच्या मालकासाठी सुरक्षिततेच्या दोन वाटांची तुलना

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात आठ-दहा मालट्रक चालवणाऱ्या मालकापुढे सुरक्षिततेचा प्रश्न बहुधा विम्याचे नूतनीकरण करताना किंवा एखाद्या कारखान्याचा वाहतूक करार हाती येताना उभा राहतो. त्या वेळी त्याच्यासमोर साधारण दोन वाटा असतात. पहिली वाट गाडीत उपकरणे बसवण्याची: जीपीएस, रस्त्याकडे व चालकाकडे पाहणारे कॅमेरे, डुलकी लागल्यास वाजणारा भोंगा. दुसरी वाट कामाची रीत बदलण्याची: फेऱ्यांच्या वेळा, पगार व भत्त्याची पद्धत, लांब पल्ल्यावर चालक बदलण्याची सोय. दोन्ही एकदम करणे बहुतेकांना परवडत नाही, म्हणून आधी कोणती, एवढेच येथे पाहायचे आहे.

तुलनेसाठी तासगावहून वाशीला जाणारी द्राक्षांची फेरी घेऊ. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर असून माल पहाटेच्या बाजाराला पोहोचला पाहिजे, अशी अट असते. चालक सकाळी सहाला उठलेला असतो. दिवसा गाडी धुणे, हवा तपासणे, पॅकहाऊससमोर, म्हणजे द्राक्षे पेट्यांत भरण्याच्या जागेसमोर, नंबर लावून थांबणे यांत तो अडकतो आणि संध्याकाळी भरलेली गाडी घेऊन निघतो. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे झोपेवरील अभ्यासांत आढळले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला हा चालक रात्री अकराला, खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचे ते कुप्रसिद्ध इंग्रजी एस आकाराचे वळण यांच्या आसपास असतानाच, मद्यपीच्या पंगतीला बसलेला असतो. त्यानंतर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यायचा असतो, आणि बोरघाट तर ज्या प्रहरी शरीर झोपेसाठी सर्वांत हट्ट धरते त्याच प्रहरी येतो.

या फेरीत भोंगा काय करतो, ते पाहावे. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते; डोळे मिटल्यावर दोन-तीन सेकंदांत भोंगा वाजला तर तो क्षण वाचतो, यात शंका नाही. मात्र त्यानंतर चालक तोंडावर पाणी मारतो, चहा घेतो आणि पुन्हा निघतो, कारण माल पोहोचवण्याची वेळ बदललेली नसते. काही दिवसांनी आतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल लटकू लागतो. उपकरण थकवा दाखवते, पण तो कमी करीत नाही, आणि पहिल्या वाटेची खरी मर्यादा हीच आहे.

दुसऱ्या वाटेवर कायद्याचा पायाही आहे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होणाऱ्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 व आठवड्याला 48 तास, लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन अनुक्रमे 10 व 54 तास, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी चौकट घातली होती. तो कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला. ही चौकट पाळण्यासाठी दुसरा चालक सोबत देणे हा रूढ उपाय आहे, परंतु धावत्या केबिनमधली झोप ही अर्धीच झोप असते. त्यापेक्षा शिरवळच्या आसपास चालक बदलणे मला अधिक योग्य वाटते: सांगलीहून गेलेला चालक वाशीहून येणारी गाडी घेऊन परततो आणि दोघेही आपापल्या घरी झोपतात. यासाठी परतीचा माल ठरलेला हवा आणि दोन्ही बाजूंना गाड्या हव्यात. ‘माझी गाडी दुसऱ्याच्या हातात नको’ ही चालकांची तक्रारही ऐकून घ्यावी लागते, आणि ती अगदीच निराधार नसते, कारण टायर कापला गेला की दोष नेमका कोणाचा, हे ठरत नाही. चालक बदलताना दोघांनी मिळून गाडीभोवती फेरी मारून सही करण्याची शिस्त लावली, तरच ही व्यवस्था टिकते.

पगाराच्या बाबतीत मात्र उपकरणांची बाजू वरचढ ठरते. डिझेलच्या ॲव्हरेजवर बक्षीस ठेवले की उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय लागते. मग वेग रोखणारा इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेकचे लायनर, म्हणजे घासणारे अस्तर, तापून पकड सुटते. नवले पुलाच्या उतारावरील अपघातांनंतर हे कारण वारंवार पुढे आले आहे. वास्तविक, नव्या इंजिनांत तीव्र उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा थांबतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. केवळ समजावून ही सवय जात नाही. इंजिन मिनिटाला किती वेळा फिरते (आरपीएम) हे नोंदवणारे जीपीएस ती दुसऱ्या दिवशी कागदावर आणते, आणि बक्षीस ॲव्हरेजऐवजी अशा नोंदीवर ठेवता येते. अपघाताच्या दाव्यातही समोरच्या कॅमेऱ्याचे चित्रण उपयोगी पडते, विशेषतः ऊस हंगामात दिवे व रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना.

खर्चाचे स्वरूप वेगळे आहे, एवढे सांगणे पुरे: उपकरणाचा खर्च एकदाचा आणि वर्षाच्या शुल्कापुरता, तर चालकाचा खर्च दर महिन्याचा.

दोन्ही वाटांच्या बाहेर राहते ते यार्ड, म्हणजे गाड्या उभ्या करण्याचे आवार. लॉक रिंगच्या, म्हणजे टायर जागेवर धरणारे लोखंडी कडे असलेल्या चाकात हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल, तर ती गोळीसारखी सुटते. लोखंडी पिंजऱ्यात चाक ठेवून, लांब नळीने आणि बाजूला उभे राहून हवा भरणे, एवढाच तिच्यावरचा उपाय आहे. ताडपत्री बांधायला मालावर चढलेला माणूस घसरतो, आणि तो बहुधा पावसाळ्यात घसरतो. पक्की शिडी, खालूनच दोर ओढण्याची सोय आणि गाडी मागे घेताना एकच माणूस इशारा देणार हा नियम, यांचा खर्च एका टायरपेक्षा फार जास्त नाही. हे आधी करावे. त्यासाठी तुलनेची गरजच नाही.

ज्यांच्या गाड्या वाशी, बंगळूर किंवा त्याहून लांब जातात, त्यांनी फेऱ्यांच्या वेळा व चालक बदलण्याची सोय आधी करावी आणि पुढच्या वर्षी उपकरणे घ्यावीत. ज्यांच्या फेऱ्या कुपवाड-कोल्हापूर किंवा मिरज-कराड अशा दिवसाउजेडी आटोपतात, त्यांना कामाच्या तासांची अडचण कमी असते. त्यांनी मागे पाहणारा कॅमेरा व जीपीएस आधी घेण्यास हरकत नाही. करार देणाऱ्या कंपनीनेच उपकरणांची अट घातली असेल, तर निवड उरत नाही. तेव्हा विक्रेत्याकडून चित्रण किती दिवस साठते आणि ते कोणाच्या ताब्यात राहते, हे लेखी घ्यावे, आणि दर सोमवारी ते पाहणारा माणूस कोण, हे उपकरण बसवण्याआधी ठरवावे. तो माणूस गाड्यांच्या फेऱ्या लावणाराच असेल, तर चालत्या गाडीतील चालकाला ‘कुठवर आलास’ असा फोन करण्याची सवय त्याने स्वतः आधी सोडावी.