थेंबांचे टेस्ट किट : फॅन्सी गोल्डफिशच्या टाकीवर दीड वर्ष वापरल्यानंतर

टाकी पाहायला आलेला माणूस पाणी किती नितळ आहे हे आधी बोलून दाखवतो, आणि मीही पहिली काही वर्षे नितळ पाणी म्हणजे चांगले पाणी असेच धरून चाललो होतो. या समजुतीची किंमत एका ओरांडाला, म्हणजे गोलसर शरीराच्या फॅन्सी जातीच्या गोल्डफिशला, मोजावी लागली. टाकी नवी होती, पाणी काचेसारखे दिसत होते, आणि तो मासा दोन दिवस पर मिटून तळाशी बसून राहिला. मला वाटले, वाताशयाचा, म्हणजे माशाला पाण्यात तोलून धरणाऱ्या हवेच्या पिशवीचा, दोष आहे. म्हणून त्याला उपाशी ठेवले, मग सोललेला वाटाणा कुस्करून दिला, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच आठवड्यात थेंबांचे टेस्ट किट घरी आले, म्हणजे नळीतल्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून रंगावरून त्यातले घटक मोजण्याचा संच. त्या पाण्याची पहिली नळी गडद हिरवी झाली आणि माशांच्याच उत्सर्जनातून येणाऱ्या विषारी अमोनियाच्या ४ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४ भाग) रकान्याशी जुळली. तेव्हापासून हे किट माझ्या दोन ओरांडा आणि एका रांचूच्या (हीही फॅन्सी जातच) टाकीजवळ आहे, आणि त्याच्या गुणदोषांविषयी आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

फॅन्सी जातींसाठी हे किट विशेष गरजेचे का, हे आधी सांगायला हवे. ओरांडा, रांचू, रयुकिन, पर्लस्केल यांची शरीरे आखूड आणि गोलसर घडवलेली आहेत. त्या दाटीत वाताशयालाही जागा कमी पडते, त्यामुळे या माशांचा तोल खरोखरच वरचेवर बिघडतो. पण मासा तळाशी बसणे, पर मिटणे, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणे ही लक्षणे अमोनियाने कल्ले पोळले तरी दिसतात आणि जिवाणूंनी अमोनियापासून केलेले नायट्राइट रक्तात गेल्यावरही दिसतात. लांबट शरीराचा साधा गोल्डफिश असा वागला की पाळणारा लगेच पाण्याकडे वळतो. फॅन्सी गोल्डफिशच्या बाबतीत मात्र ‘या जातीला हा त्रास असतोच’ असे म्हणून आपण माशावर उपचार करत बसतो आणि पाणी तसेच राहते. डोळ्यांनी हा फरक ओळखता येत नाही, तो नळीतल्या रंगानेच कळतो. शिवाय गोल्डफिश अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो, त्यामुळे तळाची घाण सायफनने कितीही काळजीपूर्वक ओढून घेतली तरी अमोनिया पाण्यात मिसळतच राहतो.

किटमध्ये पाच चाचण्यांच्या मिळून सात बाटल्या, झाकणांच्या काचेच्या नळ्या आणि रंगांचे पत्रक आहे. सामान्य पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचे माप), वरच्या पट्ट्यातला पीएच आणि नायट्राइट यांना एकेक बाटली लागते, अमोनिया आणि नायट्रेट यांना दोन-दोन. नळीत ५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, सांगितलेले थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचे आणि पाच मिनिटांनी रंग जुळवायचा. पीएचचा रंग तर लगेच वाचता येतो. बाटली तिरकी धरली तर थेंबाचा आकार बदलतो, म्हणून ती सरळ उभी उलटी धरावी. नळीचे तोंड अंगठ्याने बंद करण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी, कारण त्वचेवरचा मळ चाचणीत उतरतो आणि काही द्रावणे त्वचेला अपायकारकही असतात. एकदा हात बसला की सगळ्या चाचण्या मिळून वीस मिनिटे पुरतात.

यातली सर्वांत जास्त चुकणारी चाचणी नायट्रेटची, म्हणजे नायट्राइटपासून पुढे तयार होणाऱ्या पदार्थाची, आहे. तिच्या दुसऱ्या बाटलीत अभिक्रिया घडवणारी घन पूड असते आणि ती तळाशी घट्ट बसते. वापरण्यापूर्वी ही बाटली तीस सेकंद जोरात हलवावी, आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट हलवावी, असे सूचनापत्रात लिहिलेले असते. ते घाईत वाचले जाते. मी पहिले दोन महिने ही बाटली दोनदा हलवून समाधान मानत होतो, आणि माझे नायट्रेट सतत ५ ते १० पीपीएम दिसत होते. एका रविवारी बाटली टेबलावर आपटून तळाची पूड मोकळी केली आणि घड्याळ लावून हलवली, तेव्हा त्याच टाकीचे पाणी भडक लाल झाले. नायट्रेट ८० पीपीएमच्या आसपास होते. मी मोजत होतो ती माशांची स्थिती नव्हती, माझ्या हाताचा आळस होता. त्यानंतर दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायला लागलो, आणि आकडा २० ते ४०च्या दरम्यान आला.

अमोनियाच्या चाचणीविषयी एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय तिचा आकडा उपयोगाचा नाही. ही चाचणी एकूण अमोनिया दाखवते, म्हणजे विषारी मुक्त अमोनिया आणि बराच निरुपद्रवी अमोनियम हे दोन्ही मिळून. त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे नळीत तोच ०.५ पीपीएमचा रंग दिसला तरी एका टाकीत उद्यापर्यंत थांबता येते आणि दुसऱ्या टाकीत लगेच बादली उचलावी लागते. म्हणूनच अमोनिया आणि पीएच या दोन नळ्या मी नेहमी एकत्रच वाचतो, आणि एकाच किटमध्ये दोन्ही असणे हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

पाणी शुद्धीकरणात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, वापरले जात असेल तर आणखी एक घोटाळा होतो. साधे क्लोरीननाशक त्यातला क्लोरीन नाहीसा करते, पण त्याच्याशी जोडलेला अमोनिया पाण्यात उरतो. त्यामुळे पाणी बदलल्यावर अमोनिया वाढलेला दिसला तर आधी नळाच्या पाण्याचीच चाचणी घ्यावी.

किटने सर्वांत मोठा उपकार केला तो फिल्टर धुतल्यानंतर. घाईत मी स्पंज थेट नळाखाली खळखळून धुतला. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो, हे मला ठाऊक असूनही हातून घडले. दुसऱ्या दिवशी मासे नेहमीसारखे खात होते, पण अमोनियाची नळी पिवळी राहण्याऐवजी हिरवट झाली, आणि चार दिवसांनी नायट्राइटची नळी निळ्याऐवजी जांभळी झाली. मी खाणे जवळजवळ बंद केले, रोज पाणी बदलले आणि थोडे मीठ घातले, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाण्यास अटकाव करतो. तीन आठवड्यांनी दोन्ही नळ्या पूर्ववत झाल्या आणि तिन्ही मासे वाचले. लक्षणे दिसेपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, हे मला त्या पहिल्या ओरांडावरून माहीत आहे.

आता दोष. रंग जुळवणे हे या किटचे दुबळे अंग आहे. अमोनियाचा शून्याचा पिवळा आणि ०.२५चा पिवळट हिरवा यांत विजेच्या दिव्याखाली फरक करणे कठीण जाते, म्हणून खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, नळी पत्रकाच्या पांढऱ्या भागावर टेकवूनच रंग वाचावा. नायट्रेटचे ४० आणि ८० हे दोन्ही लाल मला आजही वेगळे सांगता येत नाहीत. अशा वेळी टाकीच्या पाण्यात तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळून पुन्हा चाचणी करतो आणि उत्तराची दुप्पट धरतो. ज्यांना हिरव्या-तांबड्या छटा ओळखायला अडचण येते त्यांनी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सोबत घ्यावे.

चाचणीच्या पट्ट्या याहून सोप्या आहेत, हे खरे. पण अनेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि डबीचे झाकण सैल राहिले की त्या हवेतला ओलावा धरतात. गोल्डफिशच्या टाकीत जी गोष्ट पहिल्यांदा मोजायची तीच जिच्यात नाही, ती पट्टी मी घेणार नाही. थेंबांच्या बाटल्या मात्र बंद कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, आणि मुदतीची तारीख पाहूनच घ्याव्यात. चाचणीचे पाणी टाकीत कधीही परत ओतू नये.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. या किटमध्ये कार्बोनेट कठीणपणाची, म्हणजे केएचची, चाचणी नाही. जिवाणू अमोनियावर काम करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे हाच केएच, खर्च करतात, आणि ती संपली की पीएच कोसळतो. माझ्या टाकीत हे एकदा झाले. पीएचची नळी ६.०च्या पिवळ्यावर आली, आणि पत्रक तिथेच संपत असल्यामुळे खरा पीएच त्याहूनही किती खाली आहे हे कळायला मार्ग नव्हता. अमोनिया १ पीपीएम दिसत होता, तरी मासे शांत होते, कारण इतक्या आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम असतो. त्या दिवशी निम्मे पाणी बदलून पीएच एकदम ८ वर नेला असता तर तोच अमोनियम विषारी झाला असता. मी दहा टक्के पाणी बदलत आठवडाभर हळूहळू वर आलो. त्यानंतर केएचची बाटली वेगळी विकत घेतली. तिच्यात पाण्याचा निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, आणि एक थेंब म्हणजे एक अंश. पीएच कोसळला होता तेव्हाच्या पाण्याचा एक नमुना मी बाटलीत भरून ठेवला होता. तो पहिल्याच थेंबाला पिवळा झाला. आता क्षारता भरून निघावी म्हणून फिल्टरमध्ये प्रवाळाच्या चुऱ्याची एक पिशवी असते आणि केएच पाच थेंबांच्या खाली येऊ देत नाही.